साहेबांच्या भिंतीवरचा धबधबा

चित्राचा अर्थ कसा लावू नये, हे मला नाशिकच्या एका सरकारी साहेबानं शिकवलं. अजून आठवलं की डोकं फिरतं. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा एप्रिल असेल. मी बातमीसाठी त्याच्या केबिनमध्ये बसलो होतो आणि पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची आजी टँकरसाठी अर्ज घेऊन आली होती.

साहेबानं अर्जावरचं पाड्याचं नाव वाचलं आणि मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं धबधब्याचं भलंमोठं चित्र टांगलेलं होतं.

"हा तुमच्याच पाड्याजवळचा ना? एवढं पाणी कोसळतंय, मग टँकर कशाला पाहिजे?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण त्यानं खरोखर पेन उघडून अर्जावर 'नामंजूर' लिहायला घेतलं!

"सायेब, हाय आमचाच," आजी म्हणाली, "पन चितारनारा श्रावणात आला व्हता. आता तिथं नुसता कातळ हाय. आमी खाली उतरून झिऱ्यातलं पानी वाटीवाटीनं हंड्यात भरतो."

मग ती पुढे झाली आणि तिनं त्या पांढऱ्या धारेच्या मधोमध बोट टेकवलं.

"परवा हितूनच माझी सून पडली. कंबर मोडून दवाखान्यात हाय."

साहेब ताडकन उठला आणि ओरडला, "आजी, हात काढा! रंग खराब होईल!"

दुसऱ्या दिवशी हेच वाक्य मी जसंच्या तसं मथळ्यात दिलं. चार दिवसांत पाड्यावर टँकर गेला. साहेबानंही धडा घेतला म्हणे. पुढच्या खेपेला गेलो, तर चित्राला काच बसवलेली होती.