पहिल्या कपाटापासून

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बहीण-भाऊ बसले होते. गाल भावाचा सुजला होता, तरी तोंड त्याचंच चालू होतं.

"ताई, आज साहेबांना मोजणीचं वेळापत्रक सांगायचंय. नाहीतर गॅरेजचं स्टोअर माझ्याकडून काढून घेणार."

"मग सांग की. सुटे भाग रोज थोडे थोडे मोजायचे, एवढंच ना?"

"तेच करतोय. पण एखादा दिवस चुकला, की मी पुन्हा पहिल्या कपाटापासून सुरू करतो."

"लहानपणी पाढा अडला की पुन्हा बे एके बेपासून सुरू करायचास, तसाच!"

"शिवाय पहिल्या कपाटात सायलेन्सर. मोठे, मोजायला सोपे. वर्षभर तेच मोजतोय. आता तेच मला ओळखतात."

"आणि शेवटच्या कपाटात?"

"वॉशर. काल मेकॅनिकने मागितले, तर डबा रिकामा. गिऱ्हाईक ओरडतंय आणि मी शहाणा विचारतोय, सायलेन्सर देऊ का?"

"धन्य आहेस. अरे, जे भराभर संपतं ते दर आठवड्याला मोज. सायलेन्सर वर्षातून एकदा."

"आणि दिवस चुकला तर?"

"चुकू दे. थांबलास तिथून पुढे जा."

"मन मानेल का माझं?"

"मनाला विचारूच नकोस. साहेबांना फोन लाव."

तो गाल धरून दाराबाहेर गेला आणि बोलून परत आला.

"काय म्हणाले?"

"वेळापत्रक पसंत आहे. स्टोअर माझ्याकडेच."

"बघ!"

"फक्त पहिल्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे द्यायचीय."