कर्ण्यांची तोंडं समुद्राकडे

न्हाय, बंद पडला म्हणजे काय, चंदरभाऊ? आता तर वाजत होता. लाल दिवा मलाही दिसतोय हो, तुमच्या ॲम्प्लिफायरवर — प्रोटेक्टला गेला म्हणजे स्वतःला जपतोय, असंच ना? जपू दे की, पण पोरी किनाऱ्याला लागल्यावर जपू दे. तुम्ही लग्नाच्या मंडपातून साउंडचा टेम्पो थेट वाळूत आणलात, कर्ण्यांची तोंडं समुद्राकडे फिरवलीत, जनरेटर लावलात, हे मी विसरायची न्हाय — पण आता हात थांबवू नका.

चौघी हायत. सकाळी ओहोटीला वाळूतल्या शिंपल्या, तिसऱ्या, काढायला गेल्या, ते बघा, खाडीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा — बघा काय म्हणते मी, दिसतंय कुठं. ऊन होतं तेव्हा. मग धुकं आलं, चुलीत ओलं लाकूड घातल्यावर घर भरतं तसं. आणि आता भरती लागलीय. त्या पट्ट्यावरून गावाकडे यायला एकच बाजू, बाकी सगळीकडे पाणी. दिशा चुकली की चालत चालत समुद्रात. होडी गेलीय, बाबाजी गेलाय घेऊन, पण तो तरी जाणार कुठं? मधेच थांबून हाका मारतोय.

थांबा, फोन. भावनाचा हाय, ती हाय त्यांच्यात — बोल गं. पाणी कुठपर्यंत? ... गुडघ्याला? ... गाणं ऐकू येत होतं ना, मग त्याच्याकडे चाला की — काय म्हणतेस? ... ठेव, बॅटरी जाईल. ऐकलंत, चंदरभाऊ? म्हणते, गाणं येत होतं पण चहूकडून येत होतं. नुसतं धम धम. बरोबर हाय, मंडपात तुमचा ढोल वाजतो तेव्हा मलाही कळत न्हाय की तो भिंतीतून येतो की माझ्या छातीतून.

तुम्ही ते प्रोटेक्ट काढूनच टाका ना. एखादं बटण असेल. न्हाय? जळेल म्हणता? जळला तर मग आवाजच न्हाय. ... बरं, बरं, तुम्हाला कळतं, मी मधे बोलत न्हाय. हे कुठले बॉक्स काढताय — मोठे कशाला काढता, उलट जास्त आवाज हवाय. काय? ह्या मोठ्यांनीच जास्त करंट ओढला, म्हणून तो बसला? आणि धम धम पण ह्यांचीच. मग काढा, फेका तिकडे वाळूत. नुसते कर्णे ठेवा. आणि ते बटण कसलं — खालचा आवाज कापायचं. कापा. वायर इकडे द्या, मी धरते.

विझला? लाल विझला. हिरवा हाच ना? गाणं नको आता, माईक द्या. लांब धरू? बरं. भावना गं, प्रांजली, रंजना, ह्या आवाजाकडे चाला, मी आवडाबाई बोलते, हात सोडू नका, आवाजाकडे तोंड करा —

काय? चौथीचं राहिलं? राहू दे, तीही त्यांच्याबरोबरच हाय, नाव घ्यायला कशाला हवं. तुम्ही तुमचा दिवा बघा. ... अहो, मंडप किती लांब हाय इथून, सगळं ऐकू जातं तिथं. म्हसळ्याची माणसं येऊन बसलीत, उष्टी हळद घेऊन. नवऱ्याची आई मला दोनदा विचारून गेली, मुलगी कुठाय. मी म्हटलं, न्हातेय.

व्हय. तीच. सुचिता. असे बघू नका माझ्याकडे. म्हसळ्याला समुद्र न्हाय, चंदरभाऊ. काल म्हणाली, आत्या, एकदाच जाऊन येते मैत्रिणींबरोबर, मग कधी जायची मी. भाऊ माझा बोटीवर असतो वर्षभर, वहिनी गेल्यापासून पोर माझ्याच कुशीत वाढली, तिला न्हाय म्हणायचं माझ्याच्यानं झालं न्हाय. आता ही गोष्ट मंडपात कळली की लग्नाच्या दिवशी नवरीला समुद्रात घालवली म्हणून —

पुन्हा फोन. हां, भावना. ... आवाज कुठून येतो ते कळतंय? देवा. मग चाला की. ... हलत न्हाय म्हणजे? ओढा तिला. ... कंबरेला आलं?

सुचिता एका जागी उभी राहिलीय. पाय उचलत न्हाय, बोलत न्हाय, आणि तिला सोडून त्या तिघी येत न्हायत. द्या. माईक द्या इकडे, वाढवा जेवढा वाढतो तेवढा. ऐकू दे मंडपाला, म्हसळ्याला जाऊ दे आवाज.

सुचे. सुचिता. मी आत्या. तुला कुणी ओरडणार न्हाय. डोळे मीट हवं तर, धुक्याकडे बघूच नको, माझ्याकडे ये. लहानपणी मोरीतून खोलीत यायचीस डोळ्यांत साबण घेऊन, मी बोलत राहायची आणि तू यायचीस, तशी ये. उजवा पाय. आता डावा. मी बोलतेय, मी थांबत न्हाय. बाबाजी, होडी आवाजाच्या रेषेत घे, त्या माझ्याकडेच येतायत. उजवा पाय, सुचे. ये. पाणी थंड हाय ना, असू दे, आंघोळीला तापवून ठेवलंय मी. ये —

बंद करा. जनरेटर पण. ऐकू द्या.

... बाबाजीची हाक ती. आणि ही भावना. ही प्रांजली. रंजना रडतेय बहुतेक. चौथी? चौथीचा आवाज का न्हाय, चंदरभाऊ, तुमचे कान सवयीचे, तुम्ही सांगा.

आत्या म्हणाली. ऐकलंत ना तुम्ही? आत्या म्हणाली.

मागं बघू नका. मंडप रिकामा होऊन इकडेच आलाय. पुढं ती म्हसळ्याची बाई, नवऱ्याची आई — काय बोलायचं मी आता हिच्याशी? अहो, थांबा, विहीणबाई, पाणी हाय पुढं, नवं लुगडं तुमचं... ऐकत न्हाय. शिरली की सरळ पाण्यात. सुचितासाठी हात पुढं करून उभी हाय.

तुम्ही जा, चंदरभाऊ. वायरी गुंडाळा. मला जाऊ द्या विहीणबाईंच्या शेजारी.