अहो, चालू ठेवा!

नाही, पण मी काय म्हणतो, कौतुकाला काही ताळतंत्र असावं की नाही? ...मिटा, मिटा, डोळे मिटा. शेजारी डॉक्टरीणबाईंनी थेंब घातलेत ना? मग बाहुल्या मोठ्या होईपर्यंत माझ्या दुकानातल्या या बाकावरच बसायचंय तुम्हा सगळ्यांना. पेपर वाचता येणार नाही, मोबाइल बघता येणार नाही, पळून जाता येणार नाही... तेव्हा ऐका!

तुम्हाला सांगतो, मी चष्मेवाला. आयुष्यभर लोकांना एकच प्रश्न विचारत आलो, "आता बरं दिसतंय, की आता?" आणि लोक खरं सांगतात हो! "मघाचं बरं होतं." "हे धूसर आहे." तोंडावर सांगतात! एक आजोबा तर म्हणाले, "भिंग चांगलंय, तुमचा चेहरा मात्र आधीच बरा दिसत होता." याला म्हणतात उत्तर! या खरेपणावर माझं दुकान उभं आहे. आणि माझी गाठ पडावी कुणाशी? तर ज्यांना काहीही ऐकवा, काहीही, ताट पडल्याचा आवाज ऐकवा, ते म्हणणार, "मस्त! चालू ठेवा!"

आता हे कुठनं सुरू झालं, तर लेकीपासून. आमची ही गेली, त्यानंतर काही महिन्यांनी लेकीचा सासरहून फोन. "बाबा, दुकान बंद केल्यावर संध्याकाळी काय करता?" म्हटलं, "बसतो." "बसून काय करता?" "अगं, बसतो म्हणजे बसतो! बसण्यात आणखी काय काय करतात?" झालं. आठवड्याभरात दारात एक भलं मोठं खोकं. मला वाटलं, इस्त्रीचं टेबल असेल, माझे शर्ट बघितले असतील फोनवर. उघडतो तर गिटार! मी लगेच फोन लावला, "अगं, या वयात? माझे केस बघ!" तर म्हणते कशी, "केसांनी नाही वाजवायची, बाबा. वाजवा, नाहीतर नुसती पुसा, पण हाताला काम ठेवा." आणि वर तिनंच मला त्या गटात घातलं. इंटरनेटवरचा गट. नाव काय, तर 'अडखळते हात'. गावोगावचे शिकाऊ गिटारवाले, स्वतःच गाणी रचणार, स्वतःच वाजवणार, एकमेकांना ऐकवणार... आणि एकमेकांचं कौतुक करणार. अहो, कौतुक म्हणजे काय, पूर!

गटाचा प्रमुख कासव. म्हणजे नाव घेतलंय त्यानं कासव, माणूस बस चालवतो, ह्या एवढाल्या मिशा. त्यानं पहिल्याच दिवशी मला नियम सांगितला, "हे बघा काका, इथं कुणालाही वाईट म्हणायचं नाही. शोधायचं, एक तरी चांगलं शोधायचं, ते सांगायचं, आणि पुढं म्हणायचं, चालू ठेवा." मी म्हटलं, "आणि चांगलं सापडलंच नाही तर?" तर म्हणे, "नीट शोधलं नाही असं समजायचं."

बरं, माझं पहिलं गाणं कोणतं, ठाऊक आहे? मी तारा लावत होतो. नुसत्या तारा लावत होतो हो! ट्यांव... ट्यूंव... ट्यांऽऽव... आणि चुकून ते रेकॉर्ड झालं, चुकून गटावर गेलं. पुसायला गेलो तोवर गटातल्या एका दाताच्या डॉक्टरांचा निरोप, "वा! काय अस्वस्थता पकडलीय! मस्त! चालू ठेवा!" मी लिहिलं, "डॉक्टर, मी तारा लावतोय." लगेच उलट निरोप, "लावत राहा! चालू ठेवा!" अरे, म्हणजे माणसानं बिघडायचं तरी कसं?

नाही, एक शिक्षा आहे तिथं. नियमाला धरूनच आहे, पण शिक्षा आहे. एकदा डॉक्टरांनी स्वतःचं गाणं टाकलं. ते गातात, तुम्हाला सांगतो, अगदी भूल न देता. सगळे दिवसभर गप्प. चांगलं शोधतायत, सापडत नाहीये. शेवटी गटातल्या काकूंनी, शिवणकाम करतात त्या, लिहिलं, "डॉक्टर, तुमच्या मागच्या पडद्याचा रंग फार सुरेख आहे. चालू ठेवा." तेव्हापासून गटात 'पडदा मिळणं' म्हणजे... कळलं ना? जन्मठेप परवडली, पण पडदा नको!

...काय म्हणालात? वास? कसला वास? हां हां, ती फ्रेमी तापवायची पेटी आहे कोपऱ्यात, प्लॅस्टिक गरम झालं की येतो थोडा. डोळे उघडू नका.

तर मी शिकत गेलो. बोटांना घट्टे पडले, भिंग हातात धरलं तर कळायचं नाही धरलंय की नाही. आणि मग आला एफ. गिटारवर एफ नावाची एक कॉर्ड असते, म्हणजे बोटांनी तारा दाबून एकदम छेडायचा सूर. बाकीच्या कॉर्डना बोटं टेकवायची, एफला पहिलं बोट सहाही तारांवर आडवं झोपवायचं, आणि उरलेल्या बोटांनी पलीकडं जाऊन वेगळाच संसार करायचा! माझं बोट झोपायलाच तयार नाही. दाबलं की आवाज यायचा, खट्. गाण्यात मध्येच खट्, दार लावल्यासारखा. गटावर टाकलं, तर कासव काय म्हणतो? "खट् मस्त! चालू ठेवा!"

पण मला वाजवायचं होतं हो. खरंच वाजवायचं होतं. कारण मनात एक आलं होतं... की हिच्यावर एक गाणं करायचं. एकच. पण तिला शोभेल असं. त्यात पडद्याचा रंग नको, तारा लावणं नको. एकदम खरं गाणं.

चाल सुचली. आपोआप सुचली, भिंग घासताना. पण शब्द? शब्द काही येईनात. तर काकूंनी सांगितलं, "अहो, डमी टाका. आधी चालीत बसतील ते कुठलेही शब्द गुणगुणायचे, खरे मागाहून घालायचे. आम्ही कपड्याला आधी धावदोरा घालतो ना, तसं." मला पटलं. मी डोळे मिटले, तुम्ही बसलायत तसे, आणि तोंडाला येईल ते गायलो. आता तोंडाला काय यावं? आमची ही, घरातनं बाहेर पडायचं म्हटलं की दारात उभी राहून प्रश्नपत्रिका काढायची. मी चपला घातलेल्या, एक पाय जिन्यात, आणि ही आतनं...

*अहो, गॅस बंद केलात का?*
*अहो, नळ बंद केलात का?*
*किल्ली घेतलीत का?*
*चष्मा घेतलात का?*
*...मग चला.*

चष्मेवाल्याला विचारायची, चष्मा घेतलात का! आणि तुम्हाला सांगतो, अक्षर न् अक्षर चालीत बसलं. 'किल्ली'वर नेमका तो एफ यायचा, खट्. मी गाणं गटावर टाकलं आणि खाली स्वच्छ लिहिलं, "शब्दांकडं लक्ष देऊ नका. डमी आहेत. खरे शब्द नंतर टाकतो."

बस! दुसऱ्या दिवसापासून कल्लोळ! डॉक्टर म्हणतात, "मी दवाखान्यात गुणगुणतोय, पेशंट तोंड उघडं ठेवून ठेका धरतोय!" कासव म्हणतो, "डेपोतनं निघताना कंडक्टर म्हणायला लागला, अहो, दार बंद केलंत का!" मी लिहितोय, "अहो, ते डमी आहे! खरे शब्द नंतर टाकतो!" कुणी ऐकेल तर शपथ! उलट माझं नावच पडलं 'अहो'. तो मिशाळ माणूस मला लिहितो, "अहो, आज काय वाजवलंत?" सांगा, हे बरं दिसतं का? मला 'अहो' म्हणणारं एकच माणूस होतं. आता अख्खा गट म्हणतो!

तरी मी हटलो नाही. खरे शब्द लिहायला बसलो. दुकानात गिऱ्हाईक नसलं की लिहायचं. चंद्र घातला, किनारा घातला, एक नाव घातली वल्ह्यासकट. 'झुरतो एकाकी किनारा, विझली चांदण्यांची नाव...' आता नाव विझते कशी, विचारू नका, पण वजन आहे की नाही शब्दाला? आम्ही दोघं आयुष्यात कधी नावेत बसलो नाही. हिला पाण्याची भीती. पण गाणं म्हटलं की थोडं पाणी लागतंच!

आणि रविवारी आमची जाहीर बैठक. म्हणजे सगळे आपापल्या घरी, मोबाइलवर चौकोनात एकेक तोंड. मी इस्त्रीचा शर्ट घातला, इस्त्री स्वतः केलेली. म्हटलं, "मंडळी, आज खरे शब्द." आणि गायलो! किनारा, चंद्र, नाव, सगळं. संपवलं. मान वर करून बघतो...

शांतता.

अहो, त्या गटात शांतता! ज्यांनी माझ्या ट्यांवट्यूंवला दाद दिली, ज्यांना खट् मस्त वाटलं, ती माणसं गप्प! कासव मिशी चावतोय. दाताचे डॉक्टर खाकरले, आणि म्हणाले... काय म्हणाले असतील? म्हणाले, "अहो... तुमच्या मागचा पडदा..."

पडदा! मला! आणि माझ्या मागं पडदा नाहीच, नुसती भिंत आहे!

मी म्हटलं, "डॉक्टर, स्पष्ट बोला. मी चष्मेवाला आहे, मला आधीचं बरं का आत्ताचं, एवढंच सांगा." कुणी बोलेना. नियम ना त्यांचा! मग काकूंनी चष्मा कपाळावर चढवला, आणि हळूच, अगदी हळूच विचारलं, "अहो... किल्ली कुठं गेली?"

किल्ली कुठं गेली!

मी म्हटलं, "काकू, ते डमी होतं." काकू म्हणाल्या, "होतं की. पण कधीकधी धावदोराच असा बसतो अंगाला, की वरनं शिलाई मारायची नसते. तुमच्या या नावेत तुमची माणसं कुठं आहेत? त्या आधीच्या गाण्यात वहिनी दारात उभ्या होत्या."

...

नाही, नाही, उघडू नका डोळे. अजून वेळ आहे. मिटलेले राहू द्या थोडे.

...हं. तर काय सांगत होतो? हां! मग कासव एकदम ओरडला, "अहो, घ्या ना! एक, दोन, तीन!" आणि मी, काय करणार, सुरू केलं. सगळे गायला लागले! आता इंटरनेटचं तुम्हाला ठाऊक आहे, एकाचा आवाज आत्ता पोचतो, दुसऱ्याचा उद्या. डॉक्टर गॅसवर, काकू नळावर, कासव सगळ्यांच्या पुढं, आयुष्यात पहिल्यांदा पुढं! "गॅस बंद केलात का... केलात का... लात का..." सगळीकडनं नुसतं अहो, अहो, अहो! असला गोंधळ, असला बेसूर गोंधळ, आणि त्यात आली 'किल्ली', मी बोट आडवं झोपवलं, दाबलं, म्हटलं आता खट्... आणि एफ वाजला! वाजला हो! सहाच्या सहा तारा! खणखणीत! मी ओरडलो, "वाजला!" आणि सगळे चौकोन नाचायला लागले, काकूंचा मोबाइल पडला, तरी खालनं छताचं चित्र आणि आवाज, "मस्त! मस्त! चालू ठेवा!"

लेकीला ऐकवलं नंतर फोनवर. तिनं पुन्हा एकदा वाजवायला लावलं. मग म्हणाली, "बाबा, आई 'मग चला' इतक्या हळू नाही म्हणायची. वैतागून म्हणायची." हे खरं उत्तर! मुलगी कुणाची आहे? मी लगेच बदललं. आता 'मग चलाऽऽ' जोरात आहे.

पण मी गटाला बजावून ठेवलंय, कौतुक पुरे, शब्द अजून डमीच आहेत, खरे शब्द नंतर टाकतो. ऐकतंय कोण? आता नवीनच सुरू झालंय... हे बघा, वाजला मोबाइल. म्हणजे बघू नका, ऐका. रोज, मी दुकान उघडलं की थोड्या वेळानं काकूंचा निरोप. वाचतो, "अहो, गॅस बंद केलात का?" हा आला दुसरा, डॉक्टर, "अहो, नळ?" कासव स्टॉपवर थांबला वाटतं, "अहो, किल्ली?" एक होती तेव्हा मी जिन्यातनंच ओरडायचो, "होऽऽ गं, केलाऽऽ!" न बघता! आता या सगळ्यांना रोज लिहायचं, "हो केला, नळ केला, किल्ली घेतली, चष्मा नाकावर..."

थांबा.

सकाळी मी दूध ठेवलं. मग म्हटलं, तापेपर्यंत एकदा एफ वाजवून बघू. वाजला. पुन्हा वाजवला, पुन्हा वाजला! त्या आनंदात उठलो, नळ बघितला, किल्ली घेतली, चष्मा घेतला, 'मग चलाऽऽ' म्हणत जिना उतरलो...

अहो, तो वास पेटीचा नाही! पेटी आज लावलेलीच नाही मी! घर वरच आहे, आलोच, हलू नका, डोळे उघडू नका... दूध गेलं, पातेलं गेलं! आणि हे बघा, मी अजून उत्तर दिलं नाही तर कासव काय लिहितोय... "उत्तर नाही म्हणजे वाजवताय वाटतं! मस्त! चालू ठेवा!"

...ठेवलाय की, बाबा. सकाळपासून चालूच ठेवलाय!