पायाखालचा लेपा

हो, लागलं. — हो, हेही लागलं. आता अंगठ्याला लावलंत, आता करंगळीखाली — कळतंय मला सगळं, डोळे मिटले म्हणून काय झालं. — काय? लावलाच नाही? मघापासून तो दोरा तुमच्या हातातच आहे? बरं. म्हणजे सापडलो मी. हसा सिस्टर, हसा, हसण्यासारखंच आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस खाटेवर पाय पसरून बसलाय आणि परीक्षेत कॉपी करतोय, तीही चुकीची. शाळा माझी चौथीत सुटली, कॉपी करायला शिकेपर्यंत टिकलोच नाही, त्याचा हा परिणाम.

नाही, तसं नाही. तुम्हाला फसवायचं म्हणून नाही बोललो. तुमच्या त्या कागदावर लिहिलंय ना, पाय बधिर कधीपासून — सहा महिने. ते मीच सांगितलं काल, मुलगी शेजारी उभी होती. मग सहा महिन्यांचंच बधिर वाटायला पाहिजे, थोडं लागतंय, थोडं नाही, असं. म्हणून अंदाजानं हो हो म्हणत होतो. — ठाऊक आहे मला. अकरा वाजता मोठे डॉक्टर येणार, हा कागद बघणार आणि ठरवणार, बोट काढायचं की पाऊलच काढायचं. खोटं सांगितलं तर त्यांचंही चुकेल. काल सगळं समजावलंत तुम्ही. करा, तुम्ही पट्टी करा, घाई नाही मला. मी बोलत राहिलो तर चालेल ना? पायाकडे बघवत नाही, म्हणून बोलतो.

हा तुमचा दोरा बघून मजा वाटली. हा गळाच्या दोरीचाच तुकडा की हो. जन्म गेला माझा या दोरीत. — मासेच धरत होतो, दुसरं काय येतं मला. एकच मासा खरं तर, लेपा. बघितलाय ना? बाजारात बघितला असेल, मेलेला. ताटासारखा चपटा, वरून मातीचा रंग, खालून पांढरा, आणि दोन्ही डोळे एकाच अंगाला. जन्मतो तेव्हा चारचौघांसारखाच असतो, एक डोळा इकडे, एक तिकडे. मग एका कुशीवर निजायला लागतो आणि खालचा डोळा हळूहळू सरकत वर येतो. खाडीच्या तळाला पडतो, अंगावर मूठभर वाळू ओढून घेतो, डोळे तेवढे बाहेर. तुम्ही त्याच्यावरून चालत गेलात तरी दिसायचा नाही.

गळाला काय लावायचं? — अहो, हे विचारणारं माणूस फार दिवसांनी भेटलं. ओहोटीला वाळूवर शेवया पिळल्यासारखे वाळूचे ढीग दिसतात, बारके बारके. त्याच्या खाली हातभर खणलं की काळा किडा मिळतो, बोटाएवढा. तो लावायचा, पण ताजा. शिळा लावलात तर लेपा नुसता तोंडात धरतो नि सोडून देतो. शिंपल्यातलं मांस चालतं, जिवंत कोळंबी चालते. पण सगळ्यात भारी म्हणजे कात टाकायला आलेला खेकडा. पाठ दाबली की कवच सुटायला लागतं, आत सगळा मऊ. तो दगडांखाली शोधायला लागतो. आणि मादी कात टाकायची असली ना, की नर तिला पोटाखाली घेऊन बसतो, दिवस दिवस — ती मऊ असताना कुणी खाऊ नये म्हणून. अशी जोडी दिसली की आमची ही मला हात लावू द्यायची नाही. म्हणायची, दगड होता तसा ठेवा. मी म्हणायचो, अगं, हाच तर चांगला. ती म्हणायची, म्हणूनच. आणि दगड स्वतः ठेवायची, माझ्यावर भरवसा नव्हता तिचा. — आणखी एक होतं, चमच्याचं. माझ्या वडिलांची युक्ती. जेवणाच्या चमच्याचा दांडा मोडायचा, उरलेल्या वाटीला भोक पाडायचं आणि किड्याच्या वर वीतभर अंतरावर बांधायचा. ओढत आणला की तो तळाला वाळू उडवतो, चमकतो, आणि लेप्याला राहवत नाही, काय चाललंय बघायला उठतो. भोचकपणानं मरतो बिचारा. आमच्या घरात त्यामुळे चमचे कधी पुरले नाहीत. पाहुणे आले की ही सांगायची, आमच्याकडे माणसांपेक्षा मासेच जास्त चमचे वापरतात.

पण गळ ही काठावर बसून करायची गोष्ट. खरं काम पायाचं. आमच्या घराण्यात पायानं लेपे धरायचे. हसू नका, खरं सांगतो. ओहोटीला पाणी गुडघ्याखाली आलं की अनवाणी उतरायचं. पाऊल उचलायचं नाही, सरकवायचं — उचललंत की पाणी हलतं, मासा पळतो. सरकवत सरकवत जायचं आणि तळव्यानं बघायचं. हो, बघायचंच. वाळू कशी, गाळ कसा, शिंपला कसा, सगळं तळव्याला दिसतं. आणि मग एकदम पायाखाली काहीतरी गुळगुळीत लागतं, आणि ते थरथरतं. तेव्हा पाय काढायचा नाही. माणसाला पहिलं वाटतं ते पाय काढावा असंच. नवखे सगळे काढतात. तिथेच भार द्यायचा, टाचेनं नाही, पावलाच्या मधल्या भागानं, आणि उभं राहायचं. मग वाकायचं, घोट्यावरून हात खाली न्यायचा, डोकं चाचपायचं, कल्ल्यात बोटं घालायची नि वर. काय उसळतो म्हणून सांगू. चिखल तोंडावर, डोळ्यांत. मग कल्ल्यातून दोरी ओवायची आणि कमरेला बांधायची. लग्न झाल्यावर हीही शिकली. पहिल्या दिवशी पाय काढलान् नि पाण्यात बसली. दुसऱ्या दिवशी माझ्यापेक्षा दोन जास्त धरले तिनं. मला आवडलं नव्हतं ते. तिला कळलंही होतं. त्यानंतर तिचा आकडा कधी माझ्यापुढे गेला नाही — चाळीस वर्षं. आता तुम्हाला सांगताना वाटतं, तेव्हापासूनच तिची रीत तशी असावी.

चपलेचं सांगतो. एकदा दुकानातून मी घरी आलो, दारात ही उभी. माझ्या पायाकडे बघते. म्हणाली, अहो, एक चप्पल कुठे? बघतो तर उजवा पाय उघडा. कुठे सुटली, कधी सुटली, काही पत्ता नाही. डांबरी रस्त्यावरून तसाच आलो होतो चालत. पटकन म्हणालो, तुटली, टाकून दिली. ती बरं म्हणाली. चहा ठेवला, मला दिला, आणि पिशवी घेऊन कुठेतरी गेली. संध्याकाळी बघतो तर दाराशी दोन्ही चपला, शेजारी शेजारी. उजवीचा अंगठा धड, पट्टा धड. — साखरच, दुसरं काय. पण त्या दिवसापासून मला पक्कं ठाऊक होतं की तळवे गेले. अंघोळीचं पाणीसुद्धा हात घालून बघायला लागायचं.

आता एवढं सांगितलंच आहे, तर. — पट्टी जरा घट्ट करा, चालेल, मला काय कळणार. — दुसऱ्या दिवशी ओहोटी होती. गेलो आम्ही. नाही कसं जाणार? पायानं लेपे धरणारा माणूस म्हणून लोक मला ओळखत होते, खाडीवर लांबून लांबून माणसं बघायला यायची. मी आपला पुढे सरकवतोय पाय, आणि पायाखाली काही नाही. म्हणजे असेलही, मला काही नाही. लाकडाचे पाय. इतकी वर्षं ही माझ्या बाजूनं चालायची, तीन हातांवर. त्या दिवशी मागून चालायला लागली, माझ्याच वाटेनं. थोड्या वेळानं म्हणते, अहो, हलू नका, तुमच्या पायाखाली आहे. आणि वाकली, माझ्या घोट्याशी हात घातला आणि हा एवढा लेपा वर काढला. म्हणाली, बघा, केवढा दाबून धरलात. मी हातात घेतला. सिस्टर, पायाखालचा लेपा उसळतो. हा गप होता. कल्ला बघितला तर आत लाल झालेलं, दोरी ओवून काढल्यासारखं. तिच्या कमरेच्या दोरीवरचा मासा होता तो. तिचाच, आधी धरलेला. पाण्याखालून आणून माझ्या पायाशी धरला होता तिनं.

मी काय म्हणालो? म्हणालो, मोठा आहे.

तेवढंच म्हणायचं नव्हतं खरं. म्हणायचं होतं, अगं, मला काही कळत नाही पायाला, चल, काठावर बसू, गळ टाकू. एवढं सोपं होतं. पण म्हणालो नाही. आणि मग ते तसंच चालू झालं. दर ओहोटीला चार-पाच मासे माझ्या पायाखाली यायचे. लोक म्हणायचे, या वयात काय पाय आहेत तुमचे. ही मान हलवायची. एक दिवस नाही, सिस्टर, सात वर्षं. ती वाकायची, मी उभा राहायचो. घरी आलो की बादलीत पाणी घेऊन माझे पाय धुवायची, एकेक बोट सुटं करून. म्हणायची, वाळू येते अंथरुणात. वाळूबिळू काही नाही, जखम झाली का बघायची. मला कळायचं की ती बघते, तिला कळायचं की मला कळतं. आणि दोघं बोलायचो कशावर, तर वाळूवर. म्हणून सात वर्षांत ओरखडा नाही पायाला. तुम्ही काल विचारलंत ना, एवढी जखम होईपर्यंत दिसली कशी नाही — अहो, आपला तळवा आपण कधी बघतो?

शेवटच्या वर्षी तिला खोकला. पाण्यातून आली की रात्रभर बसून असायची, उशीला टेकून. मुलगी फोनवर रागवायची — आई, पाण्यात उतरू नकोस, या वयात काय नडलंय. ही म्हणायची, मला करमत नाही गं पाण्याशिवाय. बाबा नको नको म्हणतात, मीच त्यांना ओढून नेते. मी समोर बसून ऐकत होतो, सिस्टर. नको मी एकदाही म्हणालो नव्हतो. मी एकटा गेलो असतो तर रिकामा परत आलो असतो, हे तिला ठाऊक. मला रिकामं परत यायचं नव्हतं, हे मला ठाऊक.

मग एक दिवस वाकली ती उठायलाच वेळ लागला. उठली ती मासा हातात घेऊनच, पण बोलवेना. ओठ निळे पडलेले. एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, दम खाल्ला, आणि तेव्हासुद्धा म्हणते — तुमच्या पायाखाली होता. पुढचे नऊ दिवस अंथरुणावर. रोज ठरवायचो, आज सांगतो. आठव्या दिवशी म्हणाली, पाय दाखवा. मी खाटेवर पाय वर घेतले, तिनं निजल्या निजल्या हात फिरवला तळव्यावरून. म्हणाली, वाळू नाही आज. — आठ दिवस पाण्यात गेलोच नव्हतो, वाळू कुठून असणार. मी म्हणालो, नाही. सांगायची ती वेळ होती. तीही गेली.

आणि मुलगी आली, रडली, आणि म्हणाली, आई हट्टी होती हो बाबा, कुणाचं ऐकलं नाही तिनं. आणि मी म्हणालो — हो, हट्टीच होती.

वर्ष झालं त्याला. मुलगी अजून आईवर रागावलेली आहे. परवासुद्धा म्हणाली, तिनं ऐकलं असतं तर आज तुमच्याकडे बघायला असती. आता त्या कागदावर आठ वर्षं लिहिलंत, तर तिच्या लगेच ध्यानात येईल — बाबांचे पाय आठ वर्षं गेलेले, आणि आई तर वर्षापूर्वीपर्यंत पाण्यात जात होती, मग मासे कोण धरत होतं? हुशार आहे ती, आईवर गेली आहे. एकटी आहे मला. तीही उठून गेली तर पायाचं काय करायचंय, बोट ठेवा नाहीतर पाऊल काढा, सारखंच.

झाली पट्टी? बघा, कळलंसुद्धा नाही. — आता तो दुसरा पाय घ्या आणि तो दोरा घ्या. मघाचं खोडा, पहिल्यापासून करा. मी डोळे मिटतो. या वेळी मी काही बोलणार नाही, तुम्ही लावत राहा, लागलं तर सांगेन.

लावलात? — झालं? किती वेळा? दहा. बरं.

लिहा. सहा महिने खोडून आठ वर्षं लिहा. मोठ्या अक्षरात, तिचा चष्मा घरी राहिलाय. ती बाहेर बाकावर बसली आहे, निळ्या स्वेटरमधली. हाक नका मारू तिला, काही सांगूही नका. कागद तेवढा हातात द्या. वाचून झालं की येईल ती आत. — आली तर. जा तुम्ही आता.