शेवटच्या पायरीआधी

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, स्टुडिओतले माझे जुने-नवे सोबती, आणि वयाने माझ्याहून लहान असूनही सगळ्यांची ताई झालेली, आज निवृत्त होणारी आपली ध्वनिमुद्रणवाली ताई,

मला एका जागी उभं राहून बोलता येत नाही. माइकवाल्या दादांनी कपाळाला हात लावलाय, दिसतंय मला. पण काय करणार? अख्खा जन्म चालण्यात गेला. पडद्यावर नायक चालायचा, तेव्हा वाजायचे ते माझे बूट. नायिकेला मात्र माझी पावलं कशी शोभणार? तिथे आमची ही उपयोगी पडली. ही इथेच कपडेपटात शिवणकाम करायची. गुडघा दुखरा, त्यामुळे जिना चढताना शेवटच्या पायरीआधी थबकायची. घर सोडून गेलेली नायिका परत येते, त्या जिन्यावर हिची पावलं घेतली. दिग्दर्शक म्हणाले, "वा! काय घालमेल दाखवलीत!" ही म्हणाली, "घालमेल कसली, गुडघा आहे तो!" चित्रपट आपटला, पण जिना लोकांच्या लक्षात राहिला.

ही गेली. फोटो पुष्कळ आहेत, आवाज मात्र घरात कुठेच नाही; उरली ती त्या जिन्यावरची पावलं. त्यामुळे त्याच चित्रपटाची आपल्याच स्टुडिओत टीव्हीसाठी मालिका होणार, नट नवे, आवाजही नवे, असं कळलं तेव्हा मी रात्रभर घरात येरझाऱ्या घातल्या. जुन्याची वाट लावल्याशिवाय नव्यांना चैन पडतं का? अध्यक्षमहोदय, हे तुम्हाला उद्देशून नाही. म्हणजे, थोडंसं आहे.

पहिल्या भागाच्या दिवशी खुर्ची मला टोचत होती. पंखा वाढव, पंखा कमी कर. लेक स्वयंपाकघरातून ओरडली, "बाबा, बसा की! फरशी झिजेल." मालिका खरं तर छान जमली होती, तरी मी आपला नाक मुरडत होतो. आणि तो जिना आला. खट, खट... थांबली. मग शेवटची पायरी. टीव्हीकडे न बघताच लेक ओल्या हातांनी बाहेर आली. "बाबा, ही आई ना?" आम्ही दोघंही दाराकडे बघत होतो. इतका आनंद मला पचवता येईना, मी पुन्हा फेऱ्या मारू लागलो.

सकाळी ताईला फोन केला. म्हणाली, "काका, नव्या मुलीला कितीदा तरी चालवलं हो. तिचे पाय छान पडत होते, हीच अडचण! शेवटी काकूंचीच पावलं लावली आणि चित्र त्यांच्या मापाने कापलं." मंडळी, चित्राला आवाज जोडणारे आम्ही सगळे. आवाजाला चित्र जोडणारी ही ताई एकटीच!

तर ताई, तू निघालीस. आता तू जपलेली ती पावलांची टेप कोणाच्या हवाली? सत्काराच्या दिवशी असं विचारू नये, पण मला राहवत नाही. अध्यक्षमहोदय, स्टुडिओतली टेपांची कपाटं रिकामी करायला घ्याल तेव्हा आधी मला बोलवा.

बोलवलंत, ऐकून घेतलंत, मनापासून आभार. काही अधिकउणं बोललो असेन तर म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घाला. आता या पायऱ्या उतरतो. शेवटच्या पायरीआधी मी जरा थांबेन. कोणी हात द्यायला धावू नका. माझे गुडघे ठणठणीत आहेत.