हिरवा ड्रेस, निळी बॅग

—नाही नाही, बॅग मांडीवर कशाला, खाली ठेव, शेजाऱ्यांची असली तरी आजच्यापुरती आपलीच गाडी आहे! तुला वाटलं असेल, ही काय सासू म्हणायची, पोरगी विमानतळाच्या दारातून बाहेर पडली नाही तोच हाताला धरून पळत सुटली—अगं, पळायलाच हवं होतं! तुझी मावशी तिकडे पार्किंगमध्ये गाडी लावत होती, मी पाहिलं ना. आता बसली असेल हात चोळत. थांब, माझं संपू दे, मग बोल.

लेक म्हणाला, 'आई, ती पुढे येतेय, मी नंतर येतो, आणि राहायचं कुठे ते तिचं ती ठरवेल.' ठरवेल काय ठरवेल? मावशीकडे बाल्कनी, मावशीकडे लिफ्ट—आणि एकदा तू तिथे रुळलीस की तोही बॅग घेऊन तिथेच जाणार. मग मी म्हटलं, जी आधी गाठेल तिची सून! प्रश्न ओळखायचा होता. लग्न तिकडे परदेशात केलंत, माझा पाय नेमका प्लास्टरमध्ये, आणि फोटो पाठवलेत ते काय—बर्फात टोप्या, समुद्रावर गॉगल! नाकाचा शेंडा तेवढा दिसतो. लेकाला विचारलं तर म्हणाला, हिरवा ड्रेस, निळी बॅग. बस्स! एवढ्या गर्दीत बरोब्बर हेरली की नाही?

काच वर घे, पुलावर धूळ फार. हा डावीकडे फाटा गेला ना, तो मावशीकडे. तिकडे बघूसुद्धा नकोस. त्यांच्या भिंतींना ओल आहे—म्हणजे असेल, मी काही पाहिलेली नाही. तुझ्या खोलीला मी नवा रंग दिलाय. कपाट रिकामं केलंय, तुझ्या सासऱ्यांचे कोट होते त्यात... ते गेल्यापासून हलवले नव्हते. हलवले आता. घर खायला उठतं गं. टीव्हीवर बातम्या देते ना, त्या बाईशी बोलते मी, तिला म्हणते, बस, जेवून जा! हे लेकाला सांगू नकोस हं. त्याला वाटतं मी मजेत आहे. मीच तसं सांगते.

आणि किती गुणाची गं तू, मघापासून निमूट ऐकतेयस! लेक म्हणत होता फार बोलकी आहे—थांब, त्याचाच फोन. बोल राजा, आणली तुझी बायको, ही काय शेजारीच बसलीय... काय? गेटपाशी? अजून? मग ही कोण?

अगं बाई, तू कोण? कंपनीची गाडी येणार होती होय! मग बोलायचंस ना! ...हो, मीच बोलू दिलं नाही. ड्रायव्हरदादा, वळवा, गाडी वळवा! संपलं, नेली असणार मावशीने, हातची घालवली मी—

थांब, आता हा कुणाचा फोन? हॅलो? कोण, सूनबाई? अगं मी... पाहिलंस तू? मला हिला ओढून नेताना? हसू नकोस गं. आणि मावशी? ...परत पाठवलीस? काय म्हणालीस, पुन्हा म्हण—'आई, सावकाश या, मी थांबलेय'?

ऐकलंस का गं? आई म्हणाली. मावशीला परत पाठवून वर आई म्हणाली!

आता तू जरा चूप बस. मला रडायचंय.