म्तानीवर उगारलेला हात

लेओकादिया: दहा वाजता. शवपेटी अजून घरात, पाद्री अजून यायचे, आणि तू गामाकाकांच्या तोंडावर ठोसा मारलास. बाबांच्या मयताला जमलेल्या अख्ख्या गावादेखत. बाहेर बायका मला विचारताहेत, काय झालं? काय सांगू?

सेवेरीन: सांग, माझं डोकं फिरलं.

लेओकादिया: ते त्यांना माहीत आहे. सेवेरीन किकोटीचं डोकं फिरतं, हे गिरणीत दळण आणणाऱ्या पोराटोरांनाही माहीत आहे. पण म्तानीवर? अरे, आपल्याला लहानपणापासून काय शिकवलं? न्गोनी माणूस म्हणजे आपला म्तानी, थट्टेचा सोयरा. तो वाटेल ते बोलेल, मयताच्या घरी येऊन नाचेल, आपण हेहे जमातीच्या लोकांनी हसायचं. आपले पणजे आणि त्यांचे पणजे एकमेकांचे गळे कापत होते, ते थांबलं या थट्टेवर. साऱ्या जगावर रागाव, पण म्तानीवर रागवायची सोय नाही.

सेवेरीन: ताई, त्याने बाबांचा कोट घातला.

लेओकादिया: घालणारच. त्यांचा हक्क आहे. आणि 'त्यांनी' म्हण.

सेवेरीन: टोपी घातली. दारात उभा राहून बाबांच्या आवाजात ओरडला, 'सेवेरी, पीठ जाड आलंय, परत दळ!' लोक हसले. मीही हसलो. देवाशपथ हसलो.

लेओकादिया: मग?

सेवेरीन: मग तो खोकला.

लेओकादिया: हं.

सेवेरीन: तसाच. शेवटच्या महिन्यातला. आधी शिट्टी, मग ती घरघर. मी पाठीला उशी लावून बसवायचो ना बाबांना, तो खोकला.

लेओकादिया: मीही ऐकलाय.

सेवेरीन: मी निघालो होतो तिथून. दवाखान्यातल्या सिस्टरने शिकवलंय तसं. राग आला की जागा सोडायची, हात कोपरापर्यंत धुवायचे, दुसरं काही करायचं नाही. वर्षभर केलंय मी. पट्टा तुटला, गिऱ्हाइकाने आईबहीण काढली, माझ्या बायकोने, युस्टिनाने, भाजी करपवली, दरवेळी हात धुतले.

लेओकादिया: ठाऊक आहे. साबण मीच आणून देते.

सेवेरीन: आज गेलो तर पिंपात थेंब नाही. तुझ्या बायकांनी सगळं पाणी भाजीत ओतलेलं. वळलो तर हा मागे उभा, बाबांच्या कोटात. म्हणाला, 'हात कसले धुतोस रे, मी माझ्या मरणाने मेलोय, तू नाही मारलंस!' आणि पुन्हा खोकला.

लेओकादिया: आणि तू हाणलीस.

सेवेरीन: हात आधी गेला. मी नंतर पोचलो.

लेओकादिया: दमले रे मी. तू फोडायचं आणि मी झाडून काढायचं. शाळेतला तो बाक, माझ्या लग्नात माझ्याच दिराचा दात. आता नीट ऐक. कबर म्तानींनीच खणायची असते, ती कमरेएवढी खणून झाली आहे. गामाकाकांच्या पोरांनी कुदळी खाली ठेवल्या आणि सावलीत जाऊन बसलीत. शिव्या नाहीत, टोमणे नाहीत. न्गोनी गप्प बसलेत, याहून वाईट काय असतं?

सेवेरीन: आपली माणसं खणतील.

लेओकादिया: त्यांनी उघडलेली माती आपण उपसायची? मग नातं तिथेच संपलं. बाबांच्याच कबरीत पुरलं म्हण. आणि नाही खणलं तर बाबा घरातच. पाद्री चार वाजता येताहेत, अंधाराच्या आत माती द्यायची आहे. जा काकांकडे.

सेवेरीन: काय बोलू?

लेओकादिया: ते मला नको विचारूस. आज नको.

(गामाच्या घरामागचं बांबूचं बेट. दुपार. म्हातारा गामा ओंडक्यावर बसला आहे, फुटक्या ओठाला ओला फडका लावून.)

सेवेरीन: गामाकाका.

गामा: पायाखाली बघ. बाटल्या आहेत.

सेवेरीन: मी माफी मागायला आलोय. चुकलं माझं. हे बघा, गुडघे टेकतो.

गामा: ऊठ.

सेवेरीन: मला बोलू द्या.

गामा: ऊठ म्हणतो ना! सकाळी ओठ फोडलास तो कमी पडला? माफी परक्याकडे मागतात. आपल्या बैलाने कोणाचं शेत खाल्लं की मागतात. मी कोण लागतो तुझा?

सेवेरीन: म्तानी.

गामा: मग तसं बोल. 'म्हाताऱ्या, थोबाड बेडकासारखं सुजलंय, आता तरी बंद राहील,' असं काहीतरी. एवढंही येत नाही?

सेवेरीन: नाही येत. एक वाकडा शब्द निघाला की त्याच्या मागून सगळे येतात. म्हणून मी बोलतच नाही. वर्ष झालं.

गामा: बघतोय ना. दळण घेऊन येतो, तुझ्या नाकाला नावं ठेवतो, तुम्हा हेहे लोकांच्या कुत्र्याच्या रश्श्याला नावं ठेवतो. आणि तू? 'बरं काका. ठेवा काका.' तुझ्यापेक्षा तुझी गिरणी बरी, ती निदान कुरकुरते.

सेवेरीन: सिस्टर म्हणाली होती, राग आला की बाजूला व्हायचं.

गामा: बाई शहाणी आहे. हो बाजूला. धू हात. पण परत येऊन बोलायचं नाही, असं म्हणाली का ती?

सेवेरीन: नाही. ते माझंच.

गामा: ही बाटली बघ. कालची उलांझी, बांबूतून काढलेली दारू. अजून उसळतेय. बूच घट्ट ठोकलं तर संध्याकाळपर्यंत फुटेल आणि काच माझ्या डोळ्यात. म्हणून सैल ठेवतो. थोडी फसफसून वाया जाते. जाऊ दे.

सेवेरीन: बाबा कधी असे चिडले नाहीत.

गामा: तुझा बाप? अरे, तू त्याच्यापुढे कोकरू. या बेटात माझी किती मडकी फोडली त्याने! घरी तुम्हाला दिसला नाही, कारण गिरणी बंद करून तो आधी इथे यायचा. मी त्याला शब्दांनी सोलून काढायचो, तो मला. थकला की घरी. तुम्हाला वाटायचं, प्यायला जातो.

सेवेरीन: आईलाही तेच वाटायचं.

गामा: प्यायचाही. खोटं कशाला बोलू.

सेवेरीन: पण खोकला का काढलात, काका?

गामा: दुसरं काय येतं मला? तुम्ही रडायचं, आम्ही हसवायचं. म्तानी मयताच्या घरी रडला तर त्याचीच माणसं त्याला हुसकून लावतील. जन्माचा सोबती गेला आणि मला त्याचा कोट घालून नाचायचं होतं. पहिल्यांदा खोकलो तो मुद्दाम. दुसऱ्यांदा मला खोकायचं नव्हतं. घशात काहीतरी आलं, त्याचा खोकला करून टाकला.

सेवेरीन: मला नाही कळलं.

गामा: कळू नये म्हणूनच केला. पुरे ते. बोल आता. थट्टेचं बोल.

सेवेरीन: तुम्ही... म्हातारे झालात.

गामा: वा! पाद्र्याला सांग, प्रवचनात घालेल.

सेवेरीन: तुमची उलांझी आंबट असते.

गामा: हे माझी बायको रोज सांगते. आणि तू गिरणीवाला नाहीस, गिरणीतला उंदीर आहेस! अर्धं पीठ तुझ्या पोटात, अर्धं लोकांच्या डोळ्यांत. बापाने हाडं झिजवून गिरणी उभी केली आणि पोटी जन्मलं काय, तर हे मुकं पोतं! काय रे? हात का थरथरतोय?

सेवेरीन: राग येतोय.

गामा: कुठे आलाय?

सेवेरीन: मानेत. कानांत.

गामा: तिथून पुढे हातात जाऊ देऊ नको. तोंडात आण. बोल!

सेवेरीन: तुम्ही... त्या कोटात तुम्ही माझ्या बापासारखे दिसतच नव्हता! बुजगावणं दिसत होतात, कावळेसुद्धा हसत होते! आणि तुमचे न्गोनी लढाईतून पळाले नसते, तर आज आमच्या मुलखात बांबूचे कोंब कापत बसायची वेळ आली नसती!

गामा: हं.

सेवेरीन: जास्त झालं?

गामा: बुजगावणं बरं होतं. पळाल्याचं तुझा बापही म्हणायचा, शिळं आहे. हसवू नको रे, ओठ ताणला की रक्त येतं.

सेवेरीन: हात अजून थांबत नाहीये.

गामा: एका दुपारीत नाही थांबणार. माझ्या माहितीत तो कोणाचाच पुरता थांबला नाही.

लेओकादिया: सेवेरी! काका! पाद्री आलेत. काय ठरलं?

गामा: ये. तुझा भाऊ मला बुजगावणं म्हणाला.

लेओकादिया: अरे देवा. आत्ता?

गामा: आत्ता. मी येतो, चला. पण माझ्या पोरांचं सांगत नाही. मी म्हातारा, मला शब्द पुरतो. त्यांनी रक्त पाहिलंय. उद्या बुक्की त्यांच्या अंगावर आली तर काय, हे ती विचारणारच.

सेवेरीन: मी बोलतो त्यांच्याशी.

गामा: तुला फाडून खातील.

सेवेरीन: खाऊ दे. मी उभा राहीन.

लेओकादिया: राहशील? बाबा अजून घरात आहेत, सेवेरी. मला खरं सांग.

सेवेरीन: माहीत नाही, ताई. राहायचं आहे, एवढं माहीत आहे.

गामा: माझी नजर पोचत नाही. लेओकादिया, या चढावरून कबर दिसते का बघ. पोरं काय करताहेत?

लेओकादिया: दोघे उठलेत.

सेवेरीन: खणायला?

लेओकादिया: कुदळी उचलल्यात. खणायला की घरी न्यायला, ते इथून कळत नाही.